नाशिकच्या कारखानदारांनो आणि अभियंत्यांनो, फरशीसाठी एक चांगला वायपर बनवा

प्रति,
सातपूर, अंबड आणि सिन्नर औद्योगिक वसाहतींत रबर, प्लास्टिक व ॲल्युमिनियमची कामं करणारे लघुउद्योजक. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांचे सभासद. तसेच नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले व तंत्रनिकेतनांतले शिक्षक आणि विद्यार्थी यांस,

विषय : फरशीवरचं पाणी काढण्यासाठी चांगला, टिकाऊ आणि दुरुस्त होणारा वायपर नाशिकमध्ये तयार व्हावा याबाबत.

स.न.वि.वि.

मी नाशिकमध्ये हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून काम करते. मंगल कार्यालयं, दवाखाने आणि काही मोठ्या सोसायट्या यांच्या सफाईचं काम आमच्याकडे असतं. माणसं लावणं, पाळ्या ठरवणं आणि सामान आणणं ही माझी जबाबदारी. फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, खराटे, मॉप, बादल्या असं सगळं माझ्या हातून खरेदी होतं. या सामानात ज्याच्यावर सगळ्यात जास्त काम पडतं आणि ज्याच्या घडणीचा सगळ्यात कमी विचार झाला आहे, ती वस्तू म्हणजे वायपर. बाजारात जो मिळतो तो खुंटीवर टांगलेला स्वस्त दिसावा एवढ्याच हिशेबाने बनवलेला असतो. एका ओढीत किती पाणी निघतं, ओढणाऱ्या बाईच्या कमरेचं काय होतं, रबर गेलं की पुढे काय, हे प्रश्न त्याच्या घडणीत कुठे दिसत नाहीत. ते प्रश्न तुम्ही हातात घ्यावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

काम कसं असतं ते आधी सांगते. लग्नाची जेवणं उरकली की हॉलच्या फरशीवर मठ्ठा, जिलेबीचा पाक, भाजीचं तेल आणि भाताची शितं असतात. पाणी मारायचं, खराट्याने घासायचं आणि मग वायपरने सगळं पाणी जाळीपर्यंत ओढत न्यायचं. संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी डेकोरेशनवाले दाराशी उभे असतात. अशा वेळी मावशी एक लांब ओढ मारते. पट्टीच्या दोन्ही टोकांनी पाणी निसटून मागे दोन ओळी राहतात, टाइलच्या सांध्यांत पाणी तसंच असतं आणि मधे जिथे प्लास्टिक वाकलं आहे तिथे एक ओला पट्टा उरतो. म्हणून दुसरी ओढ, मग तिसरी. तीच फरशी तिघींनी तीन-तीनदा ओढायची. दवाखान्यात तर मागे राहिलेला ओला पट्टा म्हणजे सरळ धोका. काठी टेकत बाथरूमला निघालेल्या आजोबांना तो दिसतही नाही.

यातला काही दोष फरशीचा असतो. बाथरूमला दर फुटाला तीन-चार मिलिमीटर उतार जाळीकडे असायला हवा. फरशी बसवणाऱ्याने तो काढलाच नसेल तर कितीही चांगला वायपर आणा, पाणी पुन्हा कोपऱ्यात येणारच. तो विषय बिल्डरांचा आहे, तो इथे ताणत नाही.

आता पट्टी. आमच्या बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक काळ्या फोमची, दोन पट्ट्या शेजारी शेजारी असलेली. दुसरी पातळ, घट्ट रबराची एकेरी. शहाबादीसारख्या खडबडीत फरशीवर फोम चांगला बसतो, कारण तो खळग्यांत शिरतो. पण कापलेल्या फोमची छिद्रं उघडी असतात आणि त्यांत घाण पाणी मुरतं. दोन पट्ट्यांच्या फटीत केस, शितं, सुतळीचे धागे अडकतात आणि दुसऱ्या दिवशी वायपर हातात घेतला की वास येतो. एका खोलीतलं पाणी दुसऱ्या खोलीत नेणारी वस्तू दवाखान्यात चालत नाही, म्हणून तिथे मी फोम ठेवत नाही. एकेरी घट्ट रबर धुतलं की स्वच्छ होतं आणि व्हिट्रिफाइड टाइलवर सुरेख चालतं. तेच शहाबादीवर उंचवट्यांवरून उड्या मारत जातं आणि खळग्यातलं पाणी सोडून देतं. म्हणजे सगळ्या फरशांना चालेल अशी एकच पट्टी नसते. दुकानात मात्र 'कुठेही चालतो' म्हणून एकच वायपर हातात दिला जातो.

पाणी काढण्याचं खरं काम करते ती पट्टीची खालची काटकोनी धार. ती शाबूत असेपर्यंत तिच्याखालून पाण्याचा अगदी पातळ थर सुटतो आणि तो पंख्याखाली लगेच वाळतो. धार झिजून गोल झाली की त्या गोलाईखाली पाणी शिरतं, पट्टी पाण्यावर चढते आणि मागे सगळीकडे ओल राहते. काच पुसणाऱ्या मंडळींनी हे फार पूर्वी ओळखलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये काचा पुसण्याचं काम करणाऱ्या एत्तोरे स्टेकोने या इटलीहून आलेल्या माणसाने 1936 साली हलका, पितळी, एकाच रबरी पट्टीचा वायपर तयार केला. त्याआधीची अवजारं जड होती आणि त्यांचं रबर बदलायचं म्हणजे बरेच स्क्रू काढावे लागत. रबर झिजणारच हे त्याने धरून चाललं आणि ते पटकन बदलता येईल अशी रचना केली. काच पुसायचे वायपर आजही त्याच धर्तीवर बनतात. हे अवजार रोज स्वतः काम करणाऱ्या माणसाच्या हातून घडलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मॉलमध्ये किंवा विमानतळावर फरशी धुण्याची जी मोठी यंत्रं फिरतात, त्यांच्या मागच्या बाजूलाही अशी पट्टी असते. ती उलटीसुलटी करून तिच्या चारही धारा आळीपाळीने वापरता येतात. आयताकृती पट्टीला धारा चारच असतात. आपल्या बाजारातल्या वायपरमध्ये त्यातल्या एक-दोनच कामाला येतात. त्या गेल्या की पट्टी प्लास्टिकमध्ये दाबून किंवा पिना मारून बसवलेली असल्याने अख्खा वायपर घंटागाडीत जातो. दांडा धड, सांगाडा धड, फक्त धार गेलेली. आमच्या एकेका साइटवर अशा वायपरांची मोळी साठते.

रबर कोणतं घ्यायचं हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं, तरी वापरणाऱ्या बाजूने सांगते. नैसर्गिक रबर लवचीक आणि चिवट असतं, पण तेलाने फुगतं आणि उन्हात ठेवलं की त्याला बारीक भेगा पडतात. कार्यालयाच्या भटारखान्यातलं तेलकट पाणी ओढून वायपर गच्चीवर वाळत ठेवला की दोन्ही गोष्टी एकदमच होतात. तेलाच्या जागी नायट्राइल रबर टिकतं. उन्हापावसात ईपीडीएम हे कृत्रिम रबर टिकतं, पण तेलापुढे तेही हरतं. सिलिकॉन मऊ राहतं, मात्र फुटक्या टाइलच्या कडेला लागलं की फाटतं. गाडीच्या टायरचं रबर कडकपणाच्या शोअर ए मापावर 60-70 च्या घरात असतं. फरशीच्या पट्टीला त्याहून मऊ लागेल, आणि नेमकं किती हे प्रत्यक्ष फरशीवर ओढूनच ठरेल. फार मऊ पट्टी कोरड्या टाइलवर चिकटते, थरथरते आणि कर्कश आवाज करते. फार कडक पट्टी सांध्यांत शिरत नाही. मावशींच्या भाषेत पहिली 'अडते' आणि दुसरी 'सोडते'.

टोकांकडेही कुणी पाहिलेलं नाही. बहुतेक वायपरांत प्लास्टिकचा सांगाडा रबराच्या थोडा पुढे आलेला असतो. त्यामुळे भिंतीला तो आधी टेकतो आणि रबर स्कर्टिंगपासून बोटभर लांबच राहतं. ती बोटभर ओली पट्टी मावशी खाली बसून फडक्याने पुसते. रबर सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना थोडं बाहेर आलं तर हे बसणं वाचेल. टोकांनी पाणी निसटू नये म्हणून काही ठिकाणी कमानीसारखे वाकवलेले वायपर वापरतात, पण कमान भिंतीला सरळ लागत नाही. मला वाटतं, पट्टी सरळ ठेवून फक्त तिची दोन्ही टोकं ओढीच्या दिशेने किंचित वळलेली आणि मऊ असावीत. मोकळ्या जागेत ती पाणी धरतील आणि भिंतीला लागली की दबतील. हे कसं साधायचं ते तुम्ही ठरवा.

दाबाचंही तसंच. हाताचा सगळा दाब मधल्या सॉकेटवर येतो. सांगाडा पातळ असला तर मधे दबतो आणि टोकं हलकी पडतात. सिटी बसच्या काचेवरचा जुना वायपर पाहा. त्यात एका मधल्या कडीवरून दाब दोन फाट्यांत, तिथून आणखी फाट्यांत वाटला जातो, म्हणून वाकड्या काचेवरही रबर सगळीकडे टेकतं. फरशीसाठी एवढी गुंतागुंत कदाचित लागणार नाही. ताठ सांगाडा आणि खाली पुरेशी उंच, लवचीक पट्टी यावरही भागेल. पण 18 इंचांच्या लांबीत दाब सारखा पोचला पाहिजे, हे कुठेतरी कागदावर लिहिलेलं असू द्या.

आता मान, म्हणजे दांडा जिथे सांगाड्यात बसतो ती जागा. माझ्याकडचे वायपर सगळ्यात जास्त तुटतात ते इथेच. दांडा प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये पिळून बसवलेला असतो आणि सॉकेटची खोली चार सेंटिमीटरच्या आसपास. मावशी कोपऱ्यातलं पाणी काढताना दांडा आडवा पिळते. समजा वर हाताशी एक किलोचाच आडवा जोर आहे. दांडा 120 सेंटिमीटर, सॉकेट चार सेंटिमीटर. तरफेच्या साध्या हिशेबाने सॉकेटच्या काठांवर तो जोर तीस किलोच्या घरात जातो, आणि कामात जोर एक किलोहून पुष्कळ जास्त असतो. आधी सॉकेटच्या तोंडाशी पांढरी रेघ दिसते, मग बारीक चीर, मग आटे सैल होऊन सांगाडा गरगर फिरायला लागतो. मावशी त्यात कापडाची चिंधी नाहीतर प्लास्टिकची पिशवी कोंबतात आणि वरून चिकटपट्टी गुंडाळतात. एका मावशीने तर जुन्या सायकलच्या ट्यूबचे कापलेले गोल त्यावर चढवले होते आणि तो वायपर बरेच दिवस नव्यापेक्षा चांगला चालला. सॉकेट खोल करा, बाहेरून फासळ्या द्या किंवा धातूचं कडं बसवा. आट्यांवर विसंबून राहू नका. आरपार एक बोल्ट टाकला तरी निम्मी मोडतोड थांबेल. सॉकेटच मोडलं तर ते एकटं बदलता यावं, हेही पाहा.

मान बसवण्याचा कोनही बघायला हवा. आपल्याकडे पाणी कधी ओढून काढतात, कधी ढकलून. उंबऱ्याबाहेर ढकलायचं, जाळीकडे ओढायचं. एकाच कोनात पक्की केलेली मान यातल्या एका कामाला नेहमी चुकीची पडते आणि पट्टी धारेवर न चालता कुशीवर लोळते. दोन-तीन कोनांत घट्ट बसणारी मान करता आली तर कमोडच्या मागे आणि खाटेखालीही वायपर पोचेल.

दांड्याबद्दल मला जरा जास्तच लिहायचं आहे, कारण त्याचा हिशेब बाईच्या अंगावर निघतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. ताठ उभं राहून काम करायचं तर वायपर जमिनीपासून खांदा आणि हनुवटी यांच्या दरम्यान यायला हवा, म्हणजे साधारण 125 ते 135 सेंटिमीटर. मी जे विकत घेते त्यातले कितीतरी दांडे तीन-साडेतीन फुटांचे असतात. लांब दांड्याला पाइप जास्त लागतो आणि तो पेटीत मावत नाही, हे मला समजतं. पण ते वाचलेले काही इंच ती बाई वाकून भरून काढते, रोज, पाळीच्या सगळ्या वेळात. आमच्याकडच्या बऱ्याच जणी चाळिशी-पन्नाशीतल्या आहेत. कमरेला पट्टा बांधून कामावर येणाऱ्या आहेत. इथलं काम संपवून त्या घरी जाऊन पुन्हा ओट्याशी आणि मोरीशी वाकतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय माणसांच्या शरीरमापांची कोष्टकं 1997 मध्येच छापलेली आहेत. दांड्याची लांबी अंदाजाने ठरवायचं काही कारण उरलेलं नाही.

दांड्याची जाडी हाही तसाच मुद्दा. बारीक पाइप ओल्या हातात फिरतो, म्हणून मूठ सतत आवळून धरावी लागते आणि मनगट दुखतं. 30 ते 35 मिलिमीटरची पकड हाताला बरी पडते. सगळा पाइप जाड करायला नको. वरचा आणि मधला भाग जाड केला तरी पुरे. वरच्या टोकाची प्लास्टिकची टोपी निघाली की पत्र्याची कड तळहातात रुतते, आणि तिथूनच पाणी आत शिरून पाइप खालच्या टोकाला आतून गंजतो. ती टोपी पक्की बसवा. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे बांबू आहे. सोसायट्या आणि घरांसाठी बांबूचा दांडा हलका पडेल आणि हातालाही बरा वाटेल. मात्र खालच्या टोकाला धातूची टोपी हवी, नाहीतर ओलीने कुजेल. दवाखान्यात बांबू नको, तिथे धुऊन निर्जंतुक करता येणारा ॲल्युमिनियमचाच बरा.

आता हे नाशिकमध्येच का, ते सांगते. इथे वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. तुमच्यातल्या अनेकांची मशिनं रोज मिलिमीटरच्या भागांत माप सांभाळतात. वायपरचा सांगाडा इंजेक्शन मोल्डिंगने करायचा म्हणजे मोठा साचा, आणि साच्याचा खर्च निघायला हजारो नग खपले पाहिजेत. म्हणून कुणी हात घालत नाही, असं मला एका ओळखीच्या मोल्डिंगवाल्यांनी समजावलं. पण सांगाडा ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा केला तर? सरकत्या खिडकीच्या पट्टीत जशी रबरी गॅस्केट खाचेत सरकवतात, तशी वायपरची पट्टी सेक्शनच्या खाचेत सरकवायची आणि दोन टोकांना टोप्या लावायच्या. सेक्शन हवा तितका कापता येतो. त्याच मालातून 12 इंच बाथरूमसाठी, 18 इंच खोल्यांसाठी, 24 इंच हॉलसाठी. रबरी पट्टीचा छेद सगळीकडे सारखा असल्याने तीही एक्स्ट्रूजनने, म्हणजे ठरावीक आकाराच्या भोकातून सलग दाबून, निघेल आणि तिची डाय, म्हणजे ते भोक असलेला ठोकळा, मोठ्या साच्याच्या मानाने स्वस्त पडेल. मग साचा लागेल तो फक्त मानेला आणि टोप्यांना. विद्यार्थ्यांनी आधी मान थ्रीडी प्रिंट करून पाहावी, चार वेळा मोडू द्यावी आणि मगच साच्याला पैसे घालावेत.

असा सांगाडा एकदा घेतला की पट्ट्या बदलत राहायच्या. व्हिट्रिफाइडला एक, शहाबादी-कोट्याला एक, तेलकट जागेला एक. दवाखान्यासाठी पट्ट्यांना रंग द्यावेत, म्हणजे शौचालयाचा वायपर वॉर्डात जाणार नाही. पट्टी बदलायला हत्यार लागता कामा नये. ओल्या हाताने, उभ्या उभ्या, मावशीला एकटीला बदलता आली पाहिजे.

नमुना चांगला की वाईट हे ठरवायला प्रयोगशाळा लागणार नाही. टाइलच्या फरशीवर खडूने चौकोन आखा. मोजून एक लिटर पाणी त्यात सारखं पसरवा. वायपर एकदाच ओढा. मागे राहिलेलं पाणी कोरड्या सुती कापडाने पूर्ण टिपा आणि कापडाचं आधीचं व नंतरचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे किती पाणी सुटलं हे लगेच कळेल. हेच नव्या पट्टीवर करा, मग महिनाभर वापरलेल्या पट्टीवर करा. टाइलवर करा, शहाबादीवर करा. हे आकडे वायपरच्या वेष्टनावर छापा. आज वेष्टनावर रंग आणि लांबी यापलीकडे काही नसतं. असा आकडा दिसला तर मी तरी दहा रुपयांसाठी दुसरा वायपर उचलणार नाही.

विद्यार्थ्यांना वेगळं सांगायचं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत फरशी पुसणारे रोबो मी पाहिले आहेत. मेहनत दिसते आणि त्यातून शिकायलाही खूप मिळत असणार. पण मोरीचा उंबरा, जिना, कमोडची मागची बाजू, सांडलेल्या जेवणाचा हॉल ही कामं अजून पुष्कळ वर्षं माणसाच्या हातानेच होणार आहेत. त्या हातातलं अवजार सुधारणं हा पूर्ण वर्षाचा, तोलामोलाचा प्रकल्प आहे. त्यात साहित्यशास्त्र, घर्षण, तरफ, शरीरशास्त्र आणि उत्पादनखर्च सगळं येतं. फक्त एक अट पाळा. पहिल्या दिवसापासून काम करणाऱ्या बायकांना सोबत घ्या, आणि त्यांचा वेळ फुकट मागू नका. चाचणीच्या दिवशी त्यांची रोजंदारी बुडते, ती आधी द्या. त्यांनी सुचवलेलं वापरलंत तर अहवालात त्यांचं नाव घाला.

या शहराला हे अवजार किती लागतं हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 च्या पुरांत गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पार वरपर्यंत पाणी आलं, सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरलं. पाणी ओसरल्यावर दुकानांत घोटाभर गाळ होता. बाजारातले प्लास्टिकचे वायपर त्या गाळात दोन ओढींत मोडतात. लोकांनी लाकडाच्या फळीला ट्रकच्या ट्यूबची पट्टी खिळ्यांनी ठोकून वायपर बनवले आणि गाळ त्यांनीच निघाला. रुंद फळी, जाड रबर, मजबूत जोड, लांब दांडा. काय हवं ते लोकांना गरजेपोटी बरोबर सुचलं होतं. आता 2026-27 चा सिंहस्थ कुंभमेळा दाराशी आहे. रामकुंड, गोदाघाटाच्या पायऱ्या, तपोवनातलं साधुग्राम, तात्पुरती शौचालयं, अन्नछत्रं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशन मिळून हजारो सफाई कर्मचारी दिवसरात्र पाणीच काढत असतील, तेही भर पावसाळ्यात, अनवाणी भाविकांच्या गर्दीत. ओल्या दगडी पायरीवर पाय सरकला तर मागच्या दहा जणांचा तोल जातो. तोवर निदान एक धड नमुना तयार व्हावा, अशी माझी फार इच्छा आहे.

उद्योजकांची अडचण मला माहीत आहे. चांगला माल काढला की सहा महिन्यांत त्याची स्वस्त नक्कल येते. डिझाइन अधिनियम, 2000 खाली वस्तूच्या आकार-रूपाची नोंदणी करता येते. ती आधी 10 वर्षं आणि मग आणखी 5 वर्षं टिकते. मान किंवा खाच यांच्या रचनेत खरोखर नवी युक्ती असेल तर पेटंटचा मार्ग आहे. महाविद्यालयांनी यात उद्योजकांना हात द्यावा.

दुसरी अडचण आमच्या बाजूची, म्हणजे खरेदी करणाऱ्यांची. सोसायट्यांच्या, कार्यालयांच्या, दवाखान्यांच्या मागणीपत्रात 'वायपर, 18 इंच' एवढंच लिहिलेलं असतं आणि सगळ्यात कमी दराचा माल येतो. दीडशे-दोनशे रुपयांचा वायपर काही महिन्यांत मोडतो, पुन्हा तेवढ्याचा येतो आणि वर्षाचा हिशेब कुणी करत नाही. पाचशे रुपयांचा सांगाडा तीन वर्षं टिकला आणि पट्टी पन्नास रुपयांत मिळाली, तर तो स्वस्तच आहे. मागणीपत्रात दांड्याची किमान लांबी, बदलता येणारी पट्टी आणि सुटी मिळणारी मान या तीन गोष्टी लिहायला मी आमच्याकडून सुरुवात करते आहे. इतर सुपरवायझर मैत्रिणींशीही बोलणं चालू आहे. असा माल आज मिळत नाही हे ठाऊक असूनही लिहिणार, म्हणजे मागणी आहे हे तुम्हाला कागदावर दिसेल.

निमा किंवा आयमाने एक बैठक लावावी आणि एखाद्या महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागाने तिच्यात सहभागी व्हावं, ही विनंती. मी येईन. सोबत तीन-चार मावशी येतील, ज्यांना वायपर कुठे अडतो आणि कुठे सोडतो हे बारकाईने सांगता येतं. मोडलेल्या सॉकेटांचं आणि झिजलेल्या पट्ट्यांचं एक पोतं मी बाजूला काढून ठेवलं आहे, तेही आणते. कोणत्या साइटवर काय मोडलं याच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. लग्नतिथी नसलेल्या दिवशी चाचणीसाठी हॉल मोकळा मिळेल, तसं कार्यालयाच्या मालकांशी बोलून ठेवलं आहे. हॉलमध्ये व्हिट्रिफाइड आहे, मागच्या भटारखान्यात शहाबादी, म्हणजे दोन्ही फरशा एकाच ठिकाणी. पहिल्या नमुन्याबरोबर निदान तीन वेगवेगळ्या कडकपणाच्या पट्ट्या आणि दोन लांबींचे दांडे आणा. वजनकाटा आणि सुती कापडं आमच्याकडे आहेत.

आपली,
एक हाउसकीपिंग सुपरवायझर,
सिडको, नाशिक